परदेशात राहिलेल्या माणसाचं घर नेमकं कुठे असतं?

मुक्कामपोस्ट: देश सोडून १४ वर्षं झाली. मागच्या भेटीत रात्री पाणी प्यायला उठलो आणि अंधारात दिव्याचं बटण चाचपडत राहिलो. हात उजव्या भिंतीवर, बटण डावीकडे. ज्या खोलीत लहानाचा मोठा झालो, तिथे! निघताना आई म्हणाली, "घरी पोचलास की फोन कर." ती सहज बोलून गेली, पण मला विमानतळापर्यंत शब्द फुटला नाही. परदेशी गेलेल्याला दोन घरं मिळतात हे मला पटत नाही. होतं तेही हातचं जातं. तुम्हाला काय वाटतं?

उंबरठा: अजिबात सहमत नाही. घरात असताना घराचा विचार कोण करतं? न सांगता कळणाऱ्या गोष्टी किती होत्या, हे लांब गेल्यावरच उमगतं. बटणाचं म्हणाल तर तो हाताचा सराव. महिनाभर राहिला असतात तर हात आपोआप डावीकडे गेला असता.

परतलेला_पाहुणा: महिनाभराने भागत नाही हो. घराच्या या ओढीला १६८८ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझेल इथे योहानेस होफरने वैद्यकाच्या प्रबंधात आजार ठरवून नाव दिलं, नॉस्टॅल्जिया. ग्रीकमध्ये 'नोस्तोस' म्हणजे घरी परतणं, 'अल्गोस' म्हणजे वेदना. त्याचा खरा उपाय एकच, रोग्याला घरी पाठवा. मी तो करून पाहिला. ९ वर्षांनी कायमचा परत आलो आणि पहिलं वर्ष तिकडच्या पहिल्या वर्षापेक्षा जड गेलं. तिकडे चुकलो तर परका म्हणून लोक सांभाळून घ्यायचे. इथे सगळ्यांनी गृहीत धरलेलं की याला सगळं येतं. जॉन आणि जीन गलाहॉर्न या संशोधकांनी १९६३ मध्येच मांडलं होतं की परतल्यावर माणूस पुन्हा एकदा घसरतो, पुन्हा जुळवून घेतो. मला ते आधी कुणी सांगायला हवं होतं.

तिसरा_देश: माझी मुलगी १० वर्षांची, तीन देशांत वाढलेली. "तुझं घर कुठे?" विचारलं की म्हणते, "आत्ताचं की आधीचं?" तिला त्यात काही तुटल्यासारखं वाटत नाही. तुटतं ते आपल्याला.

इथलीच: मी कुठेही गेले नाही. भाऊ गेलाय. तो येतो आणि कपाट जागेवर नाही म्हणून त्याचा चेहरा उतरतो. आई पडली त्या रात्री ते कपाट मी आणि शेजाऱ्यांनी ओढत बाहेर काढलं, पलंग दाराजवळ घ्यायला. तुम्ही निघालात त्या दिवशी घर थांबलं नाही. ते रोज चालवावं लागतं, आणि जो चालवतो त्याचंच ते असतं.

मुक्कामपोस्ट: लागलं मनाला. पण शेवटचं वाक्य मान्य नाही. दर महिन्याला पैसे पाठवणं, पहाटे उठून औषधांची चौकशी करणं, हेही घर चालवणंच आहे.

इथलीच: चौकशी करणं वेगळं. औषध नको म्हणून तोंड फिरवणाऱ्या आईजवळ अर्धा तास बसणं वेगळं. पैशांची किंमत मी कमी करत नाही, पण दोन्ही एका मापात घालू नका.

उंबरठा: ताई, मग लांब राहणाऱ्याने घर म्हणायचंच नाही का? हा हक्क हजेरीवर ठरत नाही.

इथलीच: म्हणा की. फक्त बदललं म्हणून आमच्यावर रुसू नका.

मुक्कामपोस्ट: ताई, आमच्याकडेही पलंग हललाय. का हलला, हे मी कधी विचारलंच नाही. आज बहिणीला फोन करतो.