लागत, खर्च आणि परिव्यय : एकच की तीन? (तिघांची चर्चा, नावाऐवजी गाव)

दारव्हा : बी.कॉम.च्या पुस्तकात 'परिव्यय लेखांकन', घरी 'लागत', दुकानात 'खर्च'. पेपरात काय लिहायचं?

अकोट : पेपरात परिव्यय. 'खर्च' मोठा शब्द आहे. दुकानाचा दंडही खर्च, घरचं लग्नही खर्च. परिव्यय म्हणजे एखाद्या वस्तूच्या अंगावर बसवलेला खर्च, म्हणून त्याला नेहमी 'कशाचा?' विचारावं लागते. क्विंटलचा, किलोचा, की पूर्ण घाण्याचा? आपल्याकडची 'लागत' बरोबर याच अर्थाची आहे. 'लागत बी निघाली नाही' म्हणतो तेव्हा बोलणं त्या मालाबद्दलच असते.

हिंगणघाट : गंमत म्हणजे हमीभावाची शिफारस करणाऱ्या आयोगाच्या हिंदी नावात 'लागत' आहे, मराठी नावात 'कृषी खर्च व मूल्य आयोग'. मराठीनं हातातला नेमका शब्द सोडला, असं माझं मत.

दारव्हा : मग 'मूळ परिव्यय' आणि 'कारखाना परिव्यय' यांत फरक कोणता?

अकोट : तूरडाळीचा हिशेब घे, आकडे उदाहरणापुरते. तूर 100 किलो 7,000 रुपये. गाडीभाडं व हमाली 100. माल मिलपर्यंत आणायचा खर्च मालातच धरतात, विक्री खर्चात नाही. भरडायची मजुरी 150. झाला मूळ परिव्यय 7,250. त्यात वीज, तेल, यंत्राचा घसारा (झिजेपोटी धरलेली रक्कम) असे 250 मिळव, कारखाना परिव्यय 7,500.

आता निघालं काय? डाळ 71 किलो, चुनी (डाळीचा चुरा) 18, टरफल 8, घट 3. चुनी 20 च्या भावानं 360, टरफल 5 नं 40, मिळून 400. ते वजा करून 7,100, भागिले 71. डाळ 100 रुपये किलो.

दारव्हा : मी 7,500 ला 100 नं भागलं, 75 आले.

अकोट : तो भरडलेल्या तुरीचा भाव झाला, डाळीचा नाही. 75 धरून 90 ला विकशील तर 15 नफा दिसेल, खरा तोटा 10. भागायचं ते हाती आलेल्या मालानं. दुसरी चूक चुनीचे पैसे विसरण्याची : 7,500 ÷ 71 म्हणजे 105.63, उगाच महाग.

हिंगणघाट : 'घट' शब्दही तपासा. 3 किलो ही सामान्य घट, ती चांगल्या मालाच्या भावात बसते. पण ओली तूर घातल्यानं समजा डाळ 67 च निघाली, चुनी-टरफल तेवढंच. ही 4 किलोची घट असामान्य. तिचे 400 रुपये नफा-तोटा खात्याला जातील, डाळीच्या भावावर नाही. भाव 100 च राहील. पेपरात इथंच जास्त मार्क जातात.

दारव्हा : नफा 20 टक्के म्हटलं की कशावर?

अकोट : प्रश्नात लिहिलं असते, वाचायचं राहते. बारदाना व विक्री खर्च किलोला 4 धर, विक्री परिव्यय 104. परिव्ययावर 20 टक्के म्हणजे 124.80. विक्रीवर 20 टक्के म्हणजे 104 ÷ 0.80, 130. मिलवाले बहुतेक पहिलं बोलतात, परीक्षक दोन्ही विचारतात.

हिंगणघाट : शेतीच्या लागतीत आणखी एक पेच आहे. घरच्या माणसाची मजुरी धरायची का? हमीभावाच्या आयोगाचे मुख्य हिशेब तीन. ए-टू म्हणजे प्रत्यक्ष दिलेला खर्च, ए-टू अधिक एफएल म्हणजे त्यात घरची मजुरी, सी-टू म्हणजे स्वतःच्या जमिनीचं भाडं व भांडवलाचं व्याजही. 2018-19 पासून हमीभाव किमान दीडपट ठेवतात तो मधल्या आकड्याच्या. शेतकरी संघटना मागतात सी-टूच्या दीडपट. 'लागत' एकच, पण कोणती विचारलं तर उत्तरं तीन.

दारव्हा : आणि 'किंमत'?

अकोट : ती गिऱ्हाईक देतो. परिव्यय तुझ्या वहीतला आकडा.