शिकागोतला उन्हाळा आणि फुकटचं गाणं

शिकागोत कार्यक्रमांच्या तिकिटांचे दर पाहता इथला उन्हाळा गाण्याविना कोरडाच जाणार, अशी तक्रार काहीजण करतात. अहो, मिलेनियम पार्कात जा की! आता तिथे भरणारा ग्रँट पार्क म्युझिक फेस्टिव्हल (पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचा) १९३५ पासून चालू आहे आणि हिरवळीवर बसायला एक पैसा लागत नाही. वास्तुरचनाकार फ्रँक गेरीनं उभारलेल्या तिथल्या पॅव्हिलियनची, म्हणजे खुल्या रंगमंचाची, खरी गंमत डोक्यावरच्या पोलादी जाळीत आहे. तिच्यात स्पीकर टांगलेत, त्यामुळे अगदी मागे बसूनही व्हायोलिन कानाशी वाजल्यासारखं ऐकू येतं. आम्ही सतरंजी आणि डबाभर दडपे पोहे नेतो. (शेजारचे डब्यात डोकावतातच.) ब्लूज फेस्टिव्हलही फुकट, पण गर्दी फार. आणि हो, जूनमध्येही स्वेटर न्या. शेजारच्या मिशिगन तळ्यावरचा वारा संध्याकाळी चांगलाच बोचतो.