व्यंगचित्रे आणि माहितीपर पुस्तक
व्यंगचित्रांमुळे माहितीपर पुस्तक उथळ वाटेल, ही काही जण व्यक्त करतात ती भीती मला पटत नाही. पुण्याच्या बालभारतीने १९७०च्या दशकात गणिताच्या पाठ्यपुस्तकांसाठी व्यंगचित्रकार शि. द. फडणीस यांच्याकडून चित्रे काढून घेतली, तेव्हा गणिताचा नेमकेपणा ढळला नाही. उलट, ज्या विषयाची अनेक मुलांना धास्ती वाटते, त्याची पाने आपणहून उलटावीशी वाटावीत असे रूप त्या पुस्तकांना आले. फडणिसांची बहुतेक चित्रे शब्दांवाचून बोलतात, हे मला फार महत्त्वाचे वाटते, कारण मजकुरातलेच वाक्य पात्राच्या तोंडी घातले की चित्र नुसती जागा अडवते. म्हणून लेखकाने, शब्दांत लांबत चाललेला परिच्छेद हस्तलिखित पूर्ण होण्याआधीच चित्रकारापुढे ठेवावा आणि चित्र जमल्यास तेवढा मजकूर निःसंकोच गाळावा.