सुट्टीत रणभूमी बघायला जावं का?

शिळोपा:
फ्रान्समध्ये व्हर्दँला जाऊन आलो. १९१६ साली तिथे जवळपास दहा महिने लढाई चालली होती. दुओमाँच्या अस्थिगृहाला जमिनीलगत लहान खिडक्या आहेत. वाकून बघितलं की आत हाडांचे ढीग दिसतात, ओळख न पटलेल्या सुमारे १,३०,००० फ्रेंच आणि जर्मन सैनिकांच्या हाडांचे. शेजारचा माणूस काचेला मोबाइल लावून उभा होता. फोटोत स्वतःचं प्रतिबिंब येऊ नये म्हणून डोकं इकडेतिकडे करत होता. मला त्याचा संताप आला. मग आठवलं, मीही त्याच बसमधून उतरलो होतो.
माझं मत: ज्यांच्या घरचं कुणी तिथे गेलंय त्यांनी जावं, अभ्यासकांनी जावं. बाकीच्यांनी दोन धबधब्यांच्या मधे दफनभूमी कोंबू नये.

भटकंतीखोर:
साफ असहमत. घरचं कुणी गेलेले आता उरलेत किती? पहिल्या महायुद्धात लढलेला एकही सैनिक हयात नाही. बेल्जियममध्ये ईप्र गावातल्या मेनिन गेट या स्मारक-कमानीखाली मृत सैनिकांच्या स्मरणार्थ १९२८ पासून रोज रात्री आठला बिगुल वाजतो. दुसऱ्या महायुद्धात गाव जर्मनांच्या ताब्यात होतं तेवढीच वर्षं खंड पडला. कमानीच्या भिंतींवर ५४,००० हून अधिक नावं आहेत, ज्यांची कबरसुद्धा माहीत नाही अशांची. त्यात अविभाजित हिंदुस्थानातलेही आहेत. मी गेलो त्या दिवशी पाऊस होता, तरी उभं राहायला जागा नव्हती. बिगुल सुरू झाला आणि तोवर हुंदडणारी शाळेची पोरंसुद्धा चिडीचूप. आम्ही सहलवाले आलोच नाही तर वाजवणाऱ्यांनी काय भिंतींना ऐकवायचं?

तिरपागडा:
भावना राहू द्या बाजूला. जे बघता ते खरं तरी असतं का? फ्रान्समधल्या व्हिमी रिज या पहिल्या महायुद्धाच्या रणभूमीवर खंदकांतल्या वाळूच्या गोण्या सिमेंटच्या आहेत. वॉटर्लूला तर कहरच. तिथल्या सिंहाच्या स्मारकाचा ढिगारा रचायला रणभूमीचीच माती खरवडली. नेपोलियनशी लढताना ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनने ज्या उंचवट्याचा आडोसा घेतला, त्याचाच एक भाग स्मारकाने गिळला! २२६ पायऱ्या चढून, धापा टाकत लोक वरून जे मैदान बघतात ते १८१५ चं नव्हेच.

पाथरवट:
गोण्यांचं कबूल. पण त्याच व्हिमीला कुंपणापलीकडे मेंढ्या चरताना बघितल्यात का? गवत कापायला माणूस आणि यंत्र पाठवत नाहीत, कारण न फुटलेला दारूगोळा अजून जमिनीत आहे. मेंढ्या खड्ड्यात उतरतात, दिसेनाशा होतात, पलीकडून वर येतात. तेवढ्यावरून एकेका तोफगोळ्याने केवढा खड्डा पाडला ते कळतं. आणि दोन्हीकडचे खंदक काही ठिकाणी इतके जवळ, की समोरच्याचा खोकला ऐकू यावा. ‘समोरासमोर लढले’ हे मी शंभरदा वाचलं होतं. डोक्यात शिरलं ते तिथे उभं राहिल्यावर.

शिळोपा:
मेंढ्यांचं माहीत नव्हतं. बघायला आवडेल (हो, माझाच मुद्दा मी पाडतोय, कळतंय). पण सहलीच्या बसेस ठरावीक चार जागीच थांबतात. हरलेल्यांच्या कबरी कोण बघतो?

भटकंतीखोर:
लांगेमार्कला गेलोय, ईप्रजवळच आहे. ४४,००० हून अधिक जर्मन सैनिक. उभे पांढरे दगड नाहीत. जमिनीसपाट काळपट फरशा, वर ओकची झाडं. जवळपास २५,००० जण तर एकाच सामाईक कबरीत. मागच्या बाजूला शोक करणाऱ्या चार सैनिकांचे ब्राँझचे पुतळे आहेत, लांबून खरी माणसंच वाटतात. त्याआधी टाइन कॉटच्या ब्रिटिश दफनभूमीबाहेर बसेसची रांग होती. इथे पुतळे चार आणि आम्ही चौघे.

तिरपागडा:
म्हणजे शिळोपांचंच खरं. गर्दी जिंकलेल्यांकडेच. बरं, त्या चौघांत अभ्यासक किती आणि घरचं कुणी गेलेले किती?

भटकंतीखोर:
एकही नाही. चौघेही सुट्टीवर.