एचिंग क्रीमने काचेवर मोठं पान काढताना पट्टे येतात, मदत हवी आहे

बरण्यांवर, पेल्यांवर एचिंग क्रीम (काच दुधी करणारं रसायन) आणि स्टेन्सिल वापरून नक्षी करते. ठिपके, बारीक वेल सुरेख उमटतात. आता कपाटाच्या काचेच्या दारावर काम काढायचंय, म्हणून तशाच काचेच्या तुकड्यावर आधी करून पाहिलं. तळहाताएवढं पान मध्येच दुधी, मध्येच जवळपास पारदर्शक! ब्रशचे फराटे दिसतायत चक्क. काच स्पिरिटने पुसली होती, चिकट व्हिनाइलच्या कडा नखाने दाबल्या होत्या, वेळही डब्यावर लिहिलाय तेवढाच दिला.

पुन्हा क्रीम लावलं तर पट्टे जातील का? दार न काढता उभ्या काचेवर जमेल का? आणि नाव कापताना 'ब', 'व' यांच्या पोटातला तुकडा सुटून येतो, तो जागेवर कसा बसवायचा? (बाहेरून सँडब्लास्टिंग करून घ्या, हे कृपया सांगू नका. घरीच करायचंय.)

काचवेडा:
क्रीम म्हणजे रंग नव्हे. त्यातले फ्लोराइडचे क्षार काचेतली सिलिका खातात. ब्रशने ओढलं की थर कुठे जाड, कुठे पातळ, आणि पातळ जागी काच कमी खाल्ली जाते. डबा आधी नीट ढवळा, तळाशी कण बसतात. मग क्रीम फासू नका, थापा. खालची काच दिसता कामा नये. मध्ये एकदा प्लास्टिकच्या पट्टीने हलवून घ्या. उरलेलं परत डब्यात भरता येतं, त्यामुळे हात आखडायचं कारण नाही.

क्रीमच्या दुसऱ्या थराने थोडा फरक पडतो, पण स्टेन्सिल अजून काचेवर असेल तरच. एकदा काढलं की कड पुन्हा जुळत नाही. खरं सांगू? मोठा सपाट भाग मुरलेल्या माणसालाही दगा देतो. पानात शिरा सोडा, भाग लहान होतील आणि पानही जिवंत वाटेल.

दुपारचा उद्योग:
दार काढाच. उभ्या काचेवर क्रीम ओघळतं, आणि शेवटी भरपूर पाण्याने धुवायचं असतं, ते कपाटाला लावलेल्या दारावर कसं करणार? सिरॅमिकच्या बेसिनमध्येही नको, त्याच्या चकाकीवर डाग पडू शकतात. प्लास्टिकचं टब घ्या. ओल्या काचेवर नक्षी गायब झाल्यासारखी दिसते, वाळली की येते.

अक्षरांच्या पोटासाठी ट्रान्स्फर टेप. कापून नको ते व्हिनाइल काढलं की वरून ही चिकट टेप लावा आणि मागच्या कागदावरून सगळं एकदम उचला, सगळे तुकडे जागच्या जागी काचेवर येतात.

हातमोजे, गॉगल, उघडी खिडकी, यात सूट नाही. फ्लोराइडने भाजलेलं कधी कधी उशिरा दुखायला लागतं. अंगावर उडालं तर दुखायची वाट न बघता लगेच धुवा आणि डबा घेऊन डॉक्टर गाठा.

धागाकर्ती:
दोघांचे आभार! काच रबराच्या पट्टीत बसवलेली आहे, सुटी करता येईल. शिरांची कल्पना फारच आवडली. नक्षी आतल्या बाजूने केली तर? बाहेरून बोटांचे तेलकट ठसे दुधी भागावर बसणार नाहीत.

काचवेडा:
उत्तम. फक्त नाव उलटं कापा, आरशात दिसतं तसं. वेल कशीही चालेल.