आगाखान घराण्याच्या पागेत घोड्यांपेक्षा घोड्या अधिक का जपल्या जातात?

प्रश्न: १९३० ते १९५२ या काळात इस्माइली पंथाचे प्रमुख असलेल्या तिसऱ्या आगाखानांच्या घोड्यांनी इंग्लंडमधील एप्समची डर्बी ही मानाची शर्यत पाच वेळा जिंकली, तरीही त्यांपैकी ब्लेनिम, बहराम आणि महमूद हे तीन डर्बीविजेते पुढे अमेरिकेला विकले गेले. पैदाशीचा घोडा आजमितीस एका हंगामात शंभराहून अधिक घोड्या फळवू शकतो, तर घोडी अकरा महिने गाभण राहून एकच शिंगरू देते. असे असताना घोडे विकून घोड्या राखण्यात कोणता हिशेब असावा?

प्रतिसाद १: चांगला घोडा फी भरून कोणालाही वापरता येतो, परंतु घोडी ज्याच्या पागेत असते, तिची शिंगरे त्याचीच होतात. शर्यतीच्या जगात बाप एक असणाऱ्यांना भावंडे मानतच नाहीत. आई एक असली तरच ते नाते धरले जाते. मुमताज महल ही ठिपकेदार करडी घोडी १९२२ मध्ये डॉनकास्टरच्या लिलावात ९,१०० गिनींना (गिनी हे जुने इंग्रजी चलन) घेतली गेली. तिचा वेग विलक्षण होता, मैलभराच्या शर्यतीत मात्र तिचा दम अपुरा पडला. तरीही तिच्या एका मुलीच्या पोटी महमूद आणि दुसरीच्या पोटी नसरुल्ला जन्मला. शिवाय १९८१ ची डर्बी घोड्याच्या दहा लांबींइतक्या अंतराने जिंकणारा शेरगर आणि सातही शर्यती जिंकून २००८ मध्ये अपराजित निवृत्त झालेली झारकावा ही दोघेही तिच्याच मातृवंशातली.

प्रतिसाद २: हे मान्य करूनही ती विक्री शहाणपणाची होती, असे मी म्हणणार नाही. थोरोब्रेड या शर्यतीच्या घोड्यांच्या जातीत कृत्रिम रेतनाला मुळीच परवानगी नसल्यामुळे घोडा समुद्रापार गेला, की युरोपातल्या माद्यांना तो जवळजवळ दुरावतोच. नसरुल्ला १९५० मध्ये अमेरिकेला गेला आणि १९७३ चा तिहेरी मुकुट, म्हणजे अमेरिकेतल्या तीन मानाच्या शर्यती, जिंकणारा सेक्रेटेरिएट हा त्याचा नातू निघाला!

प्रतिसाद ३: एक अडचण मात्र राहून गेली. घरच्या घोड्या एकाच मातृवंशातल्या असतील, तर त्याच वंशाचा घोडा त्यांना फारसा उपयोगी पडत नाही, कारण रक्त फार जवळ येते. म्हणूनच चौथ्या आगाखानांनी १९७७ मध्ये द्युप्रे यांच्या आणि १९७८ मध्ये बुसाक यांच्या, अशा दोन फ्रेंच पागांतील घोड्या विकत घेतल्या. राहिला घोडे अमेरिकेला न पाठवण्याचा प्रश्न: शेरगर आयर्लंडमध्येच ठेवला होता, परंतु पैदाशीचा एकच हंगाम झाल्यावर, फेब्रुवारी १९८३ मध्ये, तो पळवला गेला आणि पुन्हा सापडला नाही.