जेस्क्रोलपेनमधलं पॅनल विंडो लहान केली तरी आकसत नाही

कोरी_पाटी:
स्विंगमध्ये (जावाची विंडो-बटणं बनवायची लायब्ररी) सेटिंग्जची एक स्क्रीन करतोय. जेफ्रेममध्ये (मुख्य विंडो) जेस्क्रोलपेन (स्क्रोल होणारी चौकट), त्यात एक जेपॅनल (बटणं ठेवायचा डबा), आणि त्या पॅनलमध्ये पुष्कळ छोटी बटणं फ्लोलेआउटने (एकामागोमाग रांगेत मांडणारा लेआउट) लावलीत. विंडो अरुंद केली की बटणं खालच्या ओळीत जावीत आणि फक्त उभा स्क्रोलबार यावा एवढंच हवंय, पण सगळी बटणं एका लांबलचक रांगेत बसतात आणि खाली आडवा स्क्रोलबार येतो. सेटसाइझ करून पाहिलं, ढिम्म फरक नाही. सेटप्रिफर्डसाइझ (कंपोनंटला हवा असलेला आकार) दिलं तर रुंदी बरोबर येते पण मग खालची बटणं गायब, आणि तिथपर्यंत स्क्रोलही होत नाही. हे स्क्रोलपेन ऐकतं तरी कोणाचं?

धोपटमार्गी:
आडवा स्क्रोलबारच बंद करून टाक ना, त्याची पॉलिसी नेव्हर (कधीच दाखवू नको) कर, विषय संपला.

अर्धविराम:
@धोपटमार्गी त्याने फक्त बार दिसायचा बंद होतो, पॅनल तेवढंच रुंद राहतं आणि उजवीकडची बटणं कापली जातात, म्हणजे आधी निदान सरकवून तरी बघता येत होती.

@कोरी_पाटी ते प्रिफर्डसाइझचं ऐकतं. आतलं पॅनल किती मोठं ठेवायचं हे व्ह्यूपोर्टचा (स्क्रोलपेनमधला दिसणारा भाग) लेआउट ठरवतो, तुझं सेटसाइझ पुढच्याच लेआउटला पुसलं जातं. आणि फ्लोलेआउट प्रिफर्डसाइझ सांगताना सगळं एकाच ओळीत आहे असंच धरून चालतो, म्हणून ती रांग.

जेपॅनलचा सबक्लास करून त्यात स्क्रोलेबल इंटरफेस (आपण कसं स्क्रोल व्हायचं हे स्क्रोलपेनला सांगणाऱ्या मेथडचा संच) इम्प्लिमेंट कर. जेटेबल, जेलिस्ट, जेटेक्स्टएरिया यांच्यात तो आधीच असतो, जेपॅनलमध्ये नसतो. पाच मेथड आहेत. ट्रॅक्सव्ह्यूपोर्टविड्थ वालीतून ट्रू दे (म्हणजे पॅनल व्ह्यूपोर्टएवढंच रुंद राहतं), हाइट वालीतून फॉल्स (तिथे ट्रू दिलंस तर उभं स्क्रोलिंगच बंद), आणि प्रिफर्ड व्ह्यूपोर्ट साइझला सरळ गेटप्रिफर्डसाइझ परत कर.

आता बटणं खालच्या ओळीत जातील, पण उंची अजून एका ओळीचीच सांगितली जाणार, म्हणजे दुसऱ्या ओळीपासून सगळं कापलेलं आणि उभा बार नाहीच. म्हणून गेटप्रिफर्डसाइझ ओव्हरराइड कर: व्ह्यूपोर्टची रुंदी घे, एकेक बटणाची रुंदी आणि मधली गॅप मिळवत जा, मावेनासं झालं की नवी ओळ, शेवटी ओळींची उंची, गॅप आणि इनसेट्स (कडेची मोकळी जागा) यांची बेरीज. एक गोम आहे, विंडो ओढताना ही रुंदी कधीकधी आधीची मिळते, मग उंची एक पाऊल मागे राहते. व्ह्यूपोर्टवर कंपोनंटलिसनर (आकार बदलला की कळवणारा) लावून त्यात पॅनलचं रीव्हॅलिडेट (लेआउट पुन्हा करायला सांगणं) मारलं की सुटतं. नुसतं रीपेंट (पुन्हा रंगवणं) करत बसू नकोस, त्याने लेआउट पुन्हा होत नाही.

हिरवी_खिडकी:
साधा लेबल-टेक्स्टफील्डचा फॉर्म असेल तर एवढी मारामारी नको, ग्रिडबॅगलेआउटमध्ये (चौकटींत मांडणारा लेआउट) वेटएक्स १ आणि फिल हॉरिझॉन्टल (उरलेली रुंदी घेऊन आडवं पसर) दिलं आणि ट्रॅक्स विड्थ ट्रू केलं की पुरतं. क्यूटीत (स्विंगसारखीच सी++ ची लायब्ररी) हेच क्यूस्क्रोलएरियाच्या सेटविजेटरीसाइझेबल ने होतं, तेही डीफॉल्टला फॉल्सच असतं, त्यामुळे तिथेही नवा माणूस पहिल्यांदा इथेच ठेचकाळतो.

कोरी_पाटी:
मस्त, ओळी मोडतायत आणि उभा बारही आला, ते लिसनरचं सांगितलंत म्हणून वाचलो. पण आता माउसचं व्हील फिरवलं तर काहीच हलत नाही. बार पकडून ओढला तर नीट सरकतं. आधी निदान गोगलगायीसारखं तरी सरकायचं.

अर्धविराम:
स्क्रोलेबलच्या बाकीच्या मेथड आयडीईने (कोड लिहायचं सॉफ्टवेअर) भरून दिल्यात ना? युनिट इन्क्रिमेंट (एका पावलात किती पिक्सेल सरकायचं) वालीत रिटर्न ० असणार, व्हील तेच विचारतं, म्हणून जागचं हलत नाही. तिथे १६ च्या आसपास दे, ब्लॉक वालीत (एका पानाएवढी उडी) व्हिजिबल रेक्टची, म्हणजे दिसणाऱ्या भागाची, उंची. आधीची गोगलगाय डीफॉल्ट १ पिक्सेलमुळे होती.

कोरी_पाटी:
० च होता 😅 १६ केला, लोण्यासारखं सरकतंय आता.